फळा, पडदा आणि छात्रशिक्षक

टाकानिनी-पापाकुरा भागातली आपली मंडळी जमली आणि शाळेचा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. मुले दिवसभर क्रोमबुकला चिकटलेली असतात, ही एका बाजूची काळजी. नव्या शिक्षकांना तरी संगणक कुठे शिकवता येतो, ही दुसऱ्या बाजूची तक्रार. शिक्षक तरुण असला की त्याला यंत्राचे प्रेम असणारच, हे दोघेही गृहीत धरतात. आमच्या व्यवसायातला अनुभव याला दुजोरा देत नाही. आपल्यापैकी जे कोणी इथे येऊन शिक्षकी पेशाकडे वळले आहेत किंवा वळू पाहत आहेत, त्यांनी तर हा प्रश्न जरूर समजून घ्यावा.

माणसे नवी संगणकप्रणाली का स्वीकारतात, याचा शोध फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यांनी दोन गोष्टी मोजल्या: याने माझे काम सुधारेल असे वाटते का, आणि हे वापरायला सोपे वाटते का. उपयोगाचे पारडे सोपेपणापेक्षा बरेच जड निघाले. बटणे सोपी करण्यात उमर घालवणाऱ्या आम्हा अभियंत्यांना हे जरा झोंबणारेच!

आता छात्रशिक्षकाचे काम कोणते? कागदोपत्री, मुलांना अपूर्णांक समजावणे. पण सरावपाठाच्या दिवशी खरे काम वेगळेच असते: अनोळखी वर्ग ताब्यात ठेवायचा, पाठाचे टाचण वेळेत संपवायचे, आणि मागे वही घेऊन बसलेल्या निरीक्षकांचे समाधान करायचे. खडू मोडला तर दुसरा उचलता येतो. पडदा गोठला, किंवा निम्म्या मुलांचे पासवर्ड चालेनात, तर पाच मिनिटे जातात. आणि रिकामी पाच मिनिटे मिळालेली तीस मुले काय करतात, हे वर्गावर उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारावे. म्हणून छात्रशिक्षकाच्या नाखुशीला मी भीती म्हणत नाही, तो साधा हिशेब आहे. घरी फोनवर तरबेज असण्याचा इथे उपयोग नाही. ज्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात तो सराव करतो, ते स्वतः काय करतात याचाच ठसा त्याच्यावर उमटतो.

यावर प्रशिक्षण महाविद्यालयांचा ठराविक उपाय म्हणजे संगणकाचा एक स्वतंत्र विषय. तो अपुरा का पडतो, हे पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडले. विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान आणि साधनाचे ज्ञान ही तीन वर्तुळे. कसब असते ते तिन्ही एकमेकांवर येतात तेवढ्या तुकड्यात. व्याख्या पडद्यावर टंकून दाखवणे म्हणजे महागडा फळाच. पण समीकरणातला एक आकडा बदलताच आलेखातली रेषा झुकते, आणि हे मिनिटाभरात वीस वेळा दाखवता येते, हे फळ्याला जमत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना अभियंता व्हायचे होते. तो अभ्यासक्रम सोडल्यावर वडिलांच्या सांगण्यावरून, काहीसे साशंक मनानेच, ते अध्यापनाकडे वळले. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड बसवले. संकेत टिपला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. २०२० चे दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक त्यांना मिळाले, आणि निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. मला महत्त्वाचे वाटते ते हे की पुस्तक त्यांनी हटवले नाही; मुलांच्या हातात होते त्यालाच जोड दिली.

न्यूझीलंडमध्ये नव्या शिक्षकाच्या वाट्याला वरकरणी विरोधी वाटणाऱ्या दोन आज्ञा आल्या. २०२० पासून पहिल्या इयत्तेपासून संगणकीय विचार शिकवणे अपेक्षित झाले. २०२४ च्या दुसऱ्या सत्रापासून विद्यार्थ्यांचे फोन शाळेच्या वेळेत बंद झाले. विरोध मात्र वरवरचाच आहे. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून संगणकशास्त्र संगणकाविना शिकवत आले आहेत. पाच पत्ते, त्यांवर १, २, ४, ८ आणि १६ ठिपके. पाच मुले ओळीने उभी राहतात आणि सांगितलेल्या संख्येप्रमाणे पत्ते उघडे किंवा पालथे धरतात. तेरासाठी ८, ४ आणि १ उघडे. शून्यापासून ३१ पर्यंतची कोणतीही संख्या अशी दाखवता येते, आणि यंत्राच्या पोटात काय चालते ते सात वर्षांच्या मुलाला कळू लागते. यंत्राविषयी साशंक असलेल्या छात्रशिक्षकाने पहिला पाठ इथूनच घ्यावा. घरी करून पाहायलाही पुठ्ठ्याचे पाच तुकडे आणि एक पेन पुरते.