शिसपेन्सिलीनें काढलेलें कबरस्तान

नभोवाणीवरून चित्रकला शिकविणें म्हणजे उपाशी माणसास पक्वान्नांचें वर्णन ऐकविण्यासारखें आहे, हें मी जाणून आहें. तथापि आजचा विषय अंधाराचा आहे, आणि अंधारांत डोळ्यांपेक्षां कान अधिक जागे असतात, एवढाच काय तो माझा आधार. शिसपेन्सिलीनें कबरस्तानाचें भयाण चित्र कसें काढावें, याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. परंतु एका शाळेंत पुष्कळ वर्षें चित्रकला शिकविली. हा विषय दिला कीं मुलांचे कागद हटकून सारखे येत: कलते क्रूस, पूर्णचंद्र, वटवाघळें आणि कोपऱ्यांत एक कवटी. ही सारी सामग्री परक्या चित्रपुस्तकांतली. वास्तविक आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेपासून, सुमारें २५ किलोमीटरांवर खुलताबाद आहे. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी या सूफी संतांच्या दर्ग्यांभोंवतीं तेथें शतकानुशतकें राजे, सरदार आणि सामान्यजन यांना मूठमाती मिळाली. १७०७ सालीं औरंगजेबाचें दफन तेथेंच झालें. ज्यानें खडकी वसविली, म्हणजे ज्यानें आमच्या शहराचा पाया घातला, तो मलिक अंबर १६२६ सालीं वारला. त्याचीहि घुमटाची कबर तेथेंच आहे. मुलें सहलीस तेथें जात, डबे खात, आणि परत येऊन कागदावर क्रूस काढीत!

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, पाहिलेलें स्थळ काढावें. मुसलमानी कबरी आपल्याकडे दक्षिणोत्तर असतात, कारण प्रेताचें मुख पश्चिमेस, मक्केच्या दिशेस, करून ठेवतात. चित्रकारास याचा मोठा उपयोग होतो. सायंकाळीं कबरस्तानाच्या दक्षिण टोंकास उत्तरेकडे तोंड करून उभें राहावें. कबरींच्या समांतर कडा क्षितिजावरील एका बिंदूकडे धांव घेऊं लागतात, आणि डावीकडून येणारा मावळता प्रकाश त्या कडांना आडवा छेद देतो. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर आला म्हणजे वस्तूची सावली तिच्या उंचीच्या साडेपांच पटींहून अधिक लांब पडते. हातभर उंचीच्या कबरीची सावली शेजारची कबर सहज ओलांडून जाते. भय उत्पन्न करणारें पहिलें साधन हेंच; वटवाघूळ नव्हे.

मोगल परंपरेंतील कबरींवर आणखी एक खूण पुष्कळदां आढळते. पुरुषाच्या कबरीवर कलमदानाचा लांबट उंचवटा असतो आणि स्त्रीच्या कबरीवर सपाट पाटी. लेखणी आणि पाटी ही जोडी मास्तराच्या नजरेंत भरावी यांत नवल नाहीं. ती अवश्य काढावी. मात्र खऱ्या कबरीवरील नांव कागदावर उतरवूं नये, कबरीवर बसूं नये, आणि तेथील मुजावरास विचारल्यावांचून वही उघडूं नये.

आतां पेन्सिलीकडे वळूं. पेन्सिलींतलें ‘शिसें’ हें शिसें नसून ग्राफाइट व चिकणमाती यांचें मिश्रण असतें. १७९५ सालीं कोंते या फ्रेंच माणसानें ती कृति सिद्ध केली. माती अधिक तर रेघ कठीण व फिकट. ग्राफाइट अधिक तर मऊ व काळी. आंखणी एच् पेन्सिलीनें हलक्या हातानें करावी, मधल्या छटा ‘टू-बी’नें भराव्या, आणि ‘सिक्स-बी’ शेवटपर्यंत खिशांत ठेवावी. नवशिका आरंभींच काळ्यावर तुटून पडतो. दाबून फांसलेलें ग्राफाइट काळें न दिसतां चकाकतें, आणि रात्र तव्यासारखी दिसूं लागते. म्हणून थरावर थर द्यावे व प्रत्येक थराची दिशा किंचित् बदलावी. घुमटास हात घालण्यापूर्वीं त्यामागील आकाश राखी करावें; मग घुमटाची उजवी बाजू त्या आकाशांत विरूं द्यावी. उजेडाची तिरीप रबरानें काढतां येते. रबर कापून त्यास धार आणावी आणि ती राखी पृष्ठावरून एकदांच ओढावी. दुसऱ्यांदा ओढल्यास तिरीप राहत नाहीं, डाग होतो.

परंतु खरें मर्म डोळ्यांत आहे. नेत्रपटलाच्या अगदीं मध्यावर उजेडांत काम करणाऱ्या, रंग ओळखणाऱ्या पेशी दाटीनें असतात. अंधुक प्रकाशांत पाहणाऱ्या पेशी मध्यावर नसून भोंवतालीं असतात. म्हणून रात्रीं एखाद्या अंधुक वस्तूकडे थेट पाहिलें तर ती नाहींशी होते, आणि नजर वळविली कीं कडेला पुन्हा उभी राहते. भुतांच्या निम्म्या गोष्टी येथेंच जन्मल्या असाव्या, असें माझें मत आहे. चित्रांत आपणांस हेंच करावयाचें. जेथें नजर प्रथम जाते तेथें रेषा स्पष्ट ठेवाव्या: पुढची एक कबर, तिजवरची भेग, कडेचें सुकलेलें गवत. दूर कडेस, एखाद्या चिंचेच्या खोडापाशीं, कांहींएक आकृति न काढतां दोन काळ्या छटांमध्यें माणसाच्या उंचीची थोडी फिकी जागा सोडावी. माझ्या नातवाचें असें एक चित्र भिंतीवर टांचलें होतें. त्याची आजी दिवेलागणीस आली ती दारांतच थबकली नि म्हणाली, “अहो, त्या चिंचेखालीं कोण उभं आहे?” तेथें कोरा कागद होता.

मोठ्या चित्रकारांनींहि हेंच केलें आहे. कास्पार दाविद फ्रीडरिख या जर्मन चित्रकारानें १८०९-१० मध्यें ओकवृक्षांतील भग्न मठाचें तैलचित्र काढलें. वर फिकट आकाश, त्यावर निष्पर्ण फांद्या आणि एक उभी राहिलेली भिंत. खालीं दाटलेल्या अंधारांत भिक्षूंची प्रेतयात्रा, इतकी लहान कीं ती शोधावी लागते. भूत एकहि नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एका वर्षीं आठवीच्या एका मुलानें भर दुपारचें कबरस्तान काढलें. निंबाची सावली, एक शेळी, आणि मातीच्या ताज्या ढिगावर लोट्यानें पाणी घालणारी एक छोटी आकृति. रेघ उत्तम होती. फळ्यावर मीं ‘भयाण’ हा शब्द लिहिलेला होता. तो त्याच्या कागदावर पुन्हा लिहून मीं खालीं लाल रेघ मारली आणि दहांपैकीं तीन गुण दिले. तास संपल्यावर तो टेबलापाशीं आला. “सर, तिथं माझे अब्बा आहेत. तिथं भीति कशी दाखवूं?”

मी निरुत्तर झालों. गुणांची यादी कार्यालयांत गेली होती, असें मीं त्यास सांगितलें. खरें पाहतां ती माझ्या खणांतच होती, आणि मुलांदेखत खाडाखोड करण्याचा मला संकोच वाटला. ते तीन गुण तसेच राहिले. पुढच्या वर्षापासून फळ्यावर ‘भयाण कबरस्तान’ असें न लिहितां ‘खुलताबाद, सूर्यास्तानंतर’ एवढेंच लिहूं लागलों, आणि चित्र काढण्यापूर्वीं वर्गास तेथें नेऊन तासभर नुसतें बसवूं लागलों. त्या वर्षीं क्रूस एकहि आला नाहीं. शेळ्या मात्र पुष्कळ आल्या.