चार नमुन्यांवरून निकाल

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातला भात साधारण सारखाच शिजतो. कारखान्यात येणारा कच्चा माल इतका एकजिनसी नसतो. एकाच गाडीतली दोन पोती तपासली तरी आकडे वेगळे येतात, आणि सगळा माल तपासत बसणे परवडत नाही. मोजक्या नमुन्यांवरून सगळ्या मालाविषयी, म्हणजे समष्टीविषयी, अंदाज बांधायचा आणि तो कितपत चुकू शकतो हेही सांगायचे, याला सांख्यिकीय अनुमान म्हणतात. खरे काम दुसऱ्या भागात आहे. नुसता अंदाज कोणीही बांधतो.

या शास्त्रातले एक रोजच्या वापरातले हत्यार बीअरच्या कारखान्यात घडले. ऑक्सफर्डला रसायन आणि गणित शिकलेले विल्यम सीली गॉसेट १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत रुजू झाले. सातू, हॉप, माल्ट यांच्या चाचण्या वेळखाऊ आणि खर्चिक, त्यामुळे हाती निरीक्षणे यायची ती जेमतेम. त्या काळची सूत्रे मात्र शेकड्यांनी नमुने गृहीत धरणारी. १९०६-०७ मध्ये गॉसेट लंडनला कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत राहिले. लहान नमुना कसा वागतो हे पाहण्यासाठी त्यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवली, तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. गणिताने काढलेले उत्तर या गटांशी ताडून पाहिले. संगणक नसताना केलेला हा खटाटोप आजही थक्क करतो. १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’त निबंध छापून आला तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. नोकरांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापू नये, असा कंपनीचा दंडक होता. टी-चाचणीचा उगम हाच. तिला आजचे रूप रोनाल्ड फिशर यांनी दिले.

समजा, माल्टमधून १३३ अंश अर्क निघावा असा करार आहे. चार नमुन्यांचे आकडे आले १३१.८, १३२.६, १३२.९ आणि १३१.९. सरासरी १३२.३, म्हणजे ०.७ ने कमी. माल खरोखर हलका, की नमुनेच योगायोगाने तसे निघाले? चाचणीत आधी ‘माल कराराप्रमाणेच आहे’ असे धरून चालतात. ही शून्य परिकल्पना. आकड्यांच्या आपसातल्या चढउतारावरून सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरी नमुन्यागणिक साधारण किती हलते ते, निघते सुमारे ०.२७. तिने ०.७ ला भागले की टी येतो २.६. मोठ्या नमुन्याच्या कोष्टकात १.९६ ची मर्यादा ओलांडली की परिकल्पना फेटाळतात. त्या हिशेबाने माल परत गेला असता. पण फक्त चार आकड्यांवरून काढलेला चढउतारही भरवशाचा नसतो. म्हणून गॉसेट यांच्या मार्गाने गेल्यास मर्यादा ३.१८ वर जाते आणि २.६ अपुरा पडतो.

येथे पी-मूल्य सुमारे ०.०८ येते. माल कराराप्रमाणे असता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक, कोणत्याही बाजूला, शंभरात आठ वेळा दिसला असता, एवढाच त्याचा अर्थ. ‘माल चांगला असण्याची शक्यता आठ टक्के’ असे वाचणे चूक, आणि ही चूक भलेभले करतात. तसेच परिकल्पना फेटाळता आली नाही म्हणून ती सिद्ध होत नाही. पुरावा तोकडा पडला, इतकेच.

पी-मूल्य पाच टक्क्यांखाली आले तरच परिकल्पना फेटाळायची (वरच्या दोन्ही मर्यादा त्यावरूनच येतात), ही रेघ फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झाली. ती निसर्गनियम नव्हे. येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी पुढे दोन चुकांचा हिशेब मांडला: चांगला माल नाकारणे ही पहिल्या प्रकारची चूक, हलका माल स्वीकारणे ही दुसऱ्या प्रकारची. नमुने तेवढेच ठेवून एक कमी करायला जावे तर दुसरी वाढते. कोणती चूक जास्त महाग, हे कोष्टक सांगत नाही. ते धंद्याला ठाऊक असते. गॉसेट यांनी नफ्यातोट्याचा हा मुद्दा लावून धरला होता.

आज संकेतस्थळांवर लाखो ग्राहकांवर चाचण्या होतात. तेथे अडचण उलटी: नमुना एवढा मोठा की नगण्य फरकही ‘सार्थक’ ठरतो. तेव्हा अहवालात नुसते पी-मूल्य दिसले तर फरक किती आणि त्याने पैसे किती सुटतात, हे आधी विचारावे.