काडाच्या गांसड्यांचीं घरें

गवताचें घर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शाकारलेली झोंपडी उभी राहते. परंतु येथें ज्या घरांचा विचार करावयाचा आहे त्यांचें छप्पर नव्हे, तर भिंतीच काडाच्या असतात. गव्हाचें किंवा राय नांवाच्या धान्याचें पीक मळून झाल्यावर जें काड उरतें, तें यंत्रांत दाबून व तारेनें आवळून त्याच्या चौकोनी गांसड्या करितात; त्या विटांप्रमाणें सांधेमोड करून रचितात आणि दोन्ही अंगांनीं जाड गिलावा देतात. भिंत दीड-दोन फूट जाड होते.

ही कल्पना कोणा पंडिताच्या डोक्यांतून निघाली नाहीं. ती अडचणींतून निघाली. अमेरिकेच्या नेब्रास्का संस्थानांत सँडहिल्स नांवाचा वालुकामय टेकड्यांचा विस्तीर्ण प्रदेश आहे. १९०४ सालच्या किंकेड कायद्यान्वयें तेथें वसाहत करणाऱ्यांस ६४० एकरांपर्यंत जमीन मिळूं लागली. जमीन मिळाली, पण घर कशाचें बांधावें? लांकूड म्हणावें तर झाडें नाहींत. इतरत्र लोक हिरवळीसकट मातीचीं ढेकळें कापून घरें बांधीत, परंतु येथील रेताड माती हातांतच विरून जाई. गवत मात्र अमाप होतें, आणि तें दाबून बांधण्याचीं यंत्रें नुकतींच प्रचारांत आलीं होतीं. तेव्हां पक्कें घर होईपर्यंत निभाव लागावा म्हणून लोकांनीं गांसड्या रचिल्या. आणि एक हिंवाळा आंत काढल्यावर पक्क्या घराची गरजच कित्येकांस वाटेना. त्याच प्रदेशांत आर्थर या गांवीं १९२८ सालीं रायच्या काडाचें बांधलेलें प्रार्थनामंदिर अद्यापि उभें आहे.

नेब्रास्कांतच बेअर्ड गांवाजवळ गवताच्या गांसड्यांची एक शाळा होती. तिला ना गिलावा होता, ना कुंपण. १९०२ सालीं ती गाईंनीं खाऊन टाकल्याची नोंद झाली! विद्यार्थिवर्गास ही वार्ता फार आवडेल हें मी जाणतों. पण तिच्यावरून एक भेद ध्यानांत येतो. गवतांत पानें, बीं व पोषक अंश असतो, म्हणून जनावरें, उंदीर व बुरशी त्याच्याकडे धांव घेतात. काड म्हणजे दाणा काढून घेतलेला पोकळ दांडा. त्यांत खाण्याजोगें फारसें नसतें. हल्लीं घरांसाठीं काडच घेतात तें यासाठीं.

या भिंतीचा मोठा गुण त्या पोकळपणांतच आहे. कोंडलेली हवा उष्णतेस सहजासहजीं पलीकडे जाऊं देत नाहीं; त्यामुळें घर हिंवाळ्यांत ऊबदार आणि उन्हाळ्यांत थंड राहतें. फ्रान्समधील मोंतार्जी येथें एमिल फोयेत नांवाच्या इंजिनियरानें १९२० सालीं लांकडी सांगाड्यांत काड भरून बांधलेलें घर शंभर वर्षें उलटलीं तरी टिकून आहे.

पण आगीचें काय? सुटें काड भडकतें यांत संशय नाहीं, आणि बांधकाम चालू असतां जमिनीवर विखुरलेलें काड हा खराच धोका होय. घट्ट आवळलेल्या गांसडींत मात्र ज्वाळेस लागणारी हवा पुरत नाहीं. जाडजूड चोपडी मिटलेली विस्तवांत टाकिली तर प्रथम तिच्या कडाच करपतात, तसेंच हें आहे. २००६ सालीं अमेरिकेंत घेतलेल्या परीक्षेंत मातीच्या गिलाव्याची भिंत एक तास, तर चुना-सिमेंटाच्या गिलाव्याची भिंत दोन तास आगीपुढें टिकली.

खरा वैरी पाणी. काडांतील ओल वजनाच्या शेंकडा वीसांवर जाऊन तशीच राहिली, कीं बुरशी चढते आणि भिंत आंतून कुजूं लागते. गिलाव्याआडचें हें कुजणें घरधन्यास पुष्कळदां उशिरां कळतें. म्हणून उंच दगडी जोतें, बरींच पुढें आलेलीं छपराचीं पाखीं, आणि खिडकीच्या तळाशीं पाणी बाहेर टाकणारा उतार, हे त्या घराचे प्राण होत. घरांतील वाफेचीही काळजी घ्यावी लागते. स्वयंपाकाची व न्हाणीची वाफ भिंतींत शिरते. तिला बाहेर पडण्यास वाट हवी. माती व चुना यांचा गिलावा ती वाट देतो, निव्वळ सिमेंटाचा अडवून धरितो. मजबुतीच्या हौसेनें सिमेंट थापणारा मनुष्य आपणच आपली भिंत कुजवितो.

स्वस्ताईची कीर्ति मला जरा अधिकच वाटते. भिंत हा घराच्या खर्चाचा एक भाग. पाया, छप्पर, दारें-खिडक्या यांचे पैसे काड देत नाहीं. शिवाय जागा लहान असेल तर अशा जाड भिंती तिचा बराच भाग खातात.

आपल्याकडे हें जमेल काय? कोंकणांत पेंढा आहे, पण पावसाळ्याची झड, दमट हवा आणि वाळवीही आहे. तेथें जांभा सोडून काडाकडे वळणें शहाणपणाचें नाहीं. देशावर पाऊस कमी, परंतु तेथें कडब्याची गंजी म्हणजे गुरांचें उन्हाळ्यांतील अन्न. दावणीला जनावर उपाशी असतां त्याचा चारा भिंतींत कोण चिणील? पंजाब-हरियाणांतील गोष्ट निराळी. तेथील भाताच्या काडांत सिलिका नांवाचें वाळूच्या जातीचें द्रव्य पुष्कळ असल्यामुळें तो चांगला चारा नव्हे. आणि गव्हाच्या पेरणीची घाई असल्यानें पुष्कळ शेतकरी तें शेतांतच जाळतात. त्याचा धूर दिल्लीपर्यंत जातो. पण त्याच सिलिकामुळें तें काड लवकर कुजत नाहीं. कॅलिफोर्नियांत १९९१ सालच्या कायद्यानें भाताचें काड जाळण्यावर बंधन घातलें; पुढें त्यांतील कांहीं काड गांसड्या होऊन घरांच्या भिंतींत गेलें.