दीडशे मिलिमीटरची जागा

सकाळचे साडेनऊ वाजलेत. पुण्यात नगर रस्त्यालगत एका रुग्णालयाचं बांधकाम चालू आहे आणि तिथल्या पत्र्याच्या साइट ऑफिसात आठ-दहा माणसं दाटीवाटीने बसली आहेत. दारात हेल्मेटं, टेबलावर चहाचे कागदी कप, भिंतीवर शिक्के मारलेली, कोपरे फाटलेली ड्रॉइंग्ज. समोरच्या मोठ्या टीव्हीवर हीच इमारत उभी आहे. बाहेर ती दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत आलीय, पडद्यावर मात्र गच्चीवरच्या टाक्यांसकट पूर्ण झालेली दिसते.

इंजिनिअर मॅडम माउस फिरवतात. भिंती नाहीशा होतात आणि पोटातलं सगळं दिसू लागतं: राखाडी कॉलम, निळे एसीचे डक्ट, लाल अग्निशमनाचे पाइप, हिरवी ड्रेनेज लाइन. यालाच या क्षेत्रात ‘बिम’ म्हणतात. हे नुसतं त्रिमितीय चित्र नसतं. प्रत्येक पाइपाला, खिडकीला, सळईला आपली माहिती चिकटलेली असते. व्यास किती, माल कोणता, केव्हा बसवायचा, खर्च किती. नागपूर मेट्रोने वेळ आणि खर्च जोडलेली अशी 5डी पद्धत वापरली, तेव्हा महाराष्ट्रात हा शब्द बांधकामाबाहेरच्या लोकांच्याही कानावर पडला. मेट्रोच्या मोठ्या पैशांत ते जमतं. या मध्यम रुग्णालयाच्या साइटवर ते कसं जमतं, हे पाहायला मी आलोय.

पडद्यावर वॉर्डच्या मजल्याचा कॉरिडॉर येतो. एका ठिकाणी लाल ठिपका लुकलुकतोय. हिरवा पाइप निळ्या डक्टमध्ये घुसलाय.

हिशोब सरळ आहे. स्लॅबचा तळ आणि फॉल्स सीलिंगची फ्रेम यांच्यात 600 मिमी जागा. डक्ट 400 मिमी उंचीचा, वर-खाली इन्सुलेशन धरून 450. उरले 150. वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटची 110 मिमीची लाइन कॉरिडॉर ओलांडून पलीकडच्या शाफ्टमध्ये जायची आहे. तिला 100ला 1 असा उतार हवा. डक्टपर्यंत पोचेतो 12 मीटर झालेत, म्हणजे पाइप 120 मिमी खाली उतरलाय. 110 आणि 120 मिळून 230. जागा 150.

असं आजवर हजारो इमारतींत झालंय. आर्किटेक्टचं ड्रॉइंग वेगळं, आरसीसीवाल्यांचं वेगळं, एसीवाल्यांचं वेगळं. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर. गाठ पडते ती थेट साइटवर, शिडीवर चढलेल्या माणसापुढे. मग जो आधी आला त्याने जागा घेतली, नंतर आलेल्याने उतार कमी केला, आणि पुढची तीस वर्षं ते टॉयलेट तुंबत राहिलं. नाहीतर कोअर कटर आणून भोक पाडायचं. या इमारतीत तर तीही सोय नाही. स्लॅब पोस्ट-टेन्शनचा आहे, आत ताणलेल्या केबल्स आहेत. चुकीच्या जागी कटर लागला आणि केबल तुटली, तर प्रश्न पाइपाचा राहत नाही.

मॅडमनी तोडगा आणलाय. लाइन अलीकडच्या शाफ्टकडे वळवायची. मग डक्टपर्यंत अंतर 4 मीटर आणि उतार 40 मिमी. 110 अधिक 40, बरोबर 150. त्या बटण दाबतात आणि लाल ठिपका जातो. सॉफ्टवेअरच्या मते तंटा मिटला. आर्किटेक्ट मान डोलावतात, कोणीतरी मिनिट्समध्ये लिहूही लागतं.

दाराशी प्लंबिंगचा मिस्त्री उभा आहे. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, फोरमनमामांनी स्वतःहून आणलंय. देशभर प्लंबिंगची कामं करणारे कितीतरी कारागीर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातून येतात, हाही तिथलाच. तो पुढे येतो, पडद्यावरच्या हिरव्या पाइपाकडे बोट करतो आणि विचारतो, “मॅडम, हाथ किधर से जाएगा?”

खोली गप्प होते. तो बाहेर जाऊन पाइपाचा एक तुकडा घेऊन येतो आणि टेबलावर चहाचे कप बाजूला सारून ठेवतो. पाइप 110चा खरा, पण जोडाजवळचा सॉकेट त्याहून जाड आहे. त्याला लटकवायला क्लॅम्प लागणार. क्लॅम्प आवळायला पाना लागणार आणि पाना फिरवायला मनगट. मॉडेलमध्ये यातलं काहीच नाही. तिथे पाइप म्हणजे हवेत तरंगणारी गुळगुळीत नळी. “आणि उद्या लीक झालं तर?” फोरमनमामा मराठीत पुस्ती जोडतात. “डक्ट उतरवल्याशिवाय हातच पोचणार नाही, मॅडम.”

मॅडम लगेच वही पुढे ओढतात आणि सॉकेटचं, क्लॅम्पचं माप घेऊ लागतात. मला ही बाई फार मोलाची वाटते. आधी त्या पुण्यातल्याच एका ऑफिसात परदेशातल्या इमारतींची मॉडेलं करायच्या. असं काम इथे पुष्कळ चालतं. ब्रिटनने 2016 पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बिम सक्तीचं केलं. सिंगापूरने 2013 मध्ये 20 हजार चौरस मीटरच्या वरच्या इमारतींचे मंजुरीचे आराखडे मॉडेलच्या रूपात घ्यायला सुरुवात केली आणि 2015 मध्ये ती मर्यादा 5 हजारांवर आणली. त्या देशांसाठी लागणारं कसब आपल्या मुलामुलींच्या हातात आहे. तरी आपल्या बहुतेक इमारती अजून सपाट कागदावरूनच चढतात, कारण इथे मॉडेल कोणी मागत नाही. मागितलंच तरी त्याचे वेगळे पैसे देत नाही. सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी म्हणजे नव्या इंजिनिअरचा कित्येक महिन्यांचा पगार. छोट्या सल्लागाराने ती कुठून भरायची?

नवा तोडगा निघतो. डक्ट चपटा करायचा. 600 बाय 400 ऐवजी 800 बाय 300. आतलं क्षेत्रफळ तेवढंच, उंची 100 मिमीने कमी. हवेचा दाब पुन्हा तपासावा लागेल, पण मिस्त्रीचा हात आत जाईल. पडद्यावर डक्ट बसका होतो. मिस्त्री तिरका होऊन पाहतो आणि मान हलवतो. जमतंय.

आता डक्टचा ठेकेदार बोलतो. घेर 2,000 मिमीचा होता, तो 2,200 झाला. म्हणजे पत्रा दहा टक्के जास्त. त्याचं काम ठोक रकमेत ठरलंय. “तोडफोड वाचली तुमची, पत्रा मात्र माझ्या खिशातून?” त्याचा आवाज चढतो आणि मला तो शंभर टक्के बरोबर वाटतो. मॉडेलमुळे वाचलेला पैसा एकाच्या पदरात पडणार आणि वाढलेला खर्च दुसऱ्याच्या माथी, असा करार असेल तर पुढच्या बैठकीत हा माणूस तोंड उघडणार नाही. सर्वांत कमी दराची निविदा घ्यायची आणि मग सगळ्यांनी मिळून विचार करावा अशी अपेक्षा धरायची, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. आपल्याकडे हे तंत्र अडतं ते कॉम्प्युटरपाशी कमी आणि या कराराच्या कागदापाशी जास्त.

रुग्णालय बांधणाऱ्या ट्रस्टचे डॉक्टर इतका वेळ ऐकत होते. वाढीव पत्र्याचे पैसे ट्रस्ट देईल, असं ते सांगतात. ठेकेदार खाली बसतो. डॉक्टर विचारतात, “काम संपल्यावर हे मॉडेल आमच्याकडे येणार ना? उद्या कुठे गळलं तर कोणती भिंत फोडायची, ते कळेल.”

सगळे एकमेकांकडे पाहतात. करारात फक्त ड्रॉइंग्जच्या प्रती आणि पीडीएफ द्यायचं लिहिलंय. मॉडेलचा उल्लेखच नाही. मॅडम मिनिट्समध्ये नवा मुद्दा घालतात: प्रत्यक्ष बांधलं तसं मॉडेल मालकाकडे सुपूर्द करणे. त्याखाली आणखी एक: पुढच्या प्रत्येक बैठकीला प्रत्येक कामाचा मिस्त्री हजर.

बाहेर स्लॅबमधून पाइप जाण्यासाठी ठेवायच्या स्लीव्हच्या नव्या जागांची आखणी आजच करावी लागणार आहे. स्लॅब गुरुवारी भरायचाय. मामा आणि मिस्त्री हेल्मेट घालून निघतातही.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरत असेल किंवा तुमच्या संस्थेची इमारत उभी राहणार असेल, तर सही करण्याआधी करारात तीन गोष्टी लिहून घ्या: मॉडेल कोण करणार, त्यातून होणाऱ्या बदलांचे पैसे कोण देणार आणि काम संपल्यावर ते तुमच्या हाती केव्हा येणार. बिल्डर म्हणेल, आपल्याकडे असं कोणी मागत नाही. तुम्ही मागा.