गुरूच्या पोटातला अणू

अणूच्या चित्रांची यादी आपण शाळेत पाठ करतो. थॉमसनचा १९०४चा अणू, तिळाच्या लाडवासारखा. रदरफोर्डचा १९११चा, मधोमध इवलेसे केंद्रक असलेला. मग १९१३चा बोरचा, ठरलेल्या कक्षांचा. पण हे सगळे अणू सुटे, ऐसपैस जागेतले आहेत. हाच अणू एखाद्या ग्रहाच्या ओझ्याखाली चिरडला गेला, तर?

या प्रश्नाचा पाठपुरावा दिल्लीत झाला. दौलतसिंह कोठारी १९३४ साली दिल्ली विद्यापीठात आले तेव्हा ते अठ्ठाविशीत होते आणि विद्यापीठाचे वय होते बारा वर्षे. अलाहाबादला ते मेघनाद साहांचे विद्यार्थी होते, केंब्रिजला त्यांनी रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत काम केले होते. प्रचंड उष्णतेने अणूतले इलेक्ट्रॉन सुटतात, हे साहांनी १९२०मध्येच मांडले होते. श्वेतबटू ताऱ्यांत सुटे इलेक्ट्रॉन कसे दाटीवाटीने राहतात, ते १९२६मध्ये केंब्रिजच्याच फाउलरनी सांगितले होते. पण ग्रह म्हणजे काही तारा नव्हे. तिथे ताऱ्याची भट्टी नाही. मग इलेक्ट्रॉनला सोडवणार कोण?

कोठारींचे उत्तर होते, नुसता दाब. मला या शोधातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. अणूची त्रिज्या निम्मी झाली, की केंद्रकाच्या ओढीची ऊर्जा दुप्पट होते. पण कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा चौपट होते. दाबत गेलात तर केव्हातरी ओढ हरणारच. मग हा इलेक्ट्रॉन या अणूचा आणि तो त्या अणूचा, असे म्हणायला जागाच उरत नाही. बोरच्या कक्षा मोडतात, तेही उष्णतेवाचून.

१९३६मध्ये त्यांनी ग्रहांच्या अंतरंगावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९३८मध्ये दाबाने होणाऱ्या आयनीभवनाचा सिद्धान्त रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्या गणितातून एक विलक्षण निष्कर्ष निघाला. थंड गोलात द्रव्य घालत गेले तर तो फुगतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे अणू मोडतात आणि वजन वाढेल तसा गोल आकसू लागतो. ही कमाल त्रिज्या साधारण गुरू ग्रहाएवढी निघाली! गुरूहून फार मोठा थंड ग्रह असूच शकत नाही, हे कोठारींनी कागद-पेन्सिलीने सांगितले, आणि तेव्हा सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह कुणाला ठाऊक नव्हता. अणूच्या यादीत या प्रकरणाला जागा मिळायलाच हवी.

२००८मध्ये फ्रेंच अवकाशदुर्बीण ‘कोरो’च्या निरीक्षणांतून कोरो-३बी हा गोल सापडला. त्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे २२ पट भरले. त्रिज्या जवळजवळ गुरूएवढीच.