फेणीची पारख

फेणी हे नाव ‘फेन’ म्हणजे फेस या शब्दाशी जोडले जाते. गोमंतकातील जाणता भट्टीवाला बाटली हलवितो आणि मानेशी उठलेले बुडबुडे किती वेळ टिकतात ते न्याहाळतो. त्यावरून दारूच्या कडकपणाचा अंदाज बांधण्यात त्याचा हातखंडा असतो. मात्र कडकपणा म्हणजे गुण नव्हे.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. पिकून आपोआप गळलेली बोंडेच वेचावयाची, असा फेणीचा जुना दंडक आहे. बोंडे तुडवून काढलेला रस काही दिवस आंबतो. पहिल्या ऊर्ध्वपातनात सौम्य दारू मिळते, तिला हुर्राक म्हणतात. ती आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढविली की फेणी उतरते. तिचा उग्र, फळाचा वास नवख्याला नकोसा वाटतो. पारखी नेमका तोच शोधतो. जळकट वास आला, तर रस बुडाला लागला असे तो समजतो. शिरक्यासारखा आंबटपणा आला, तर रस प्रमाणाबाहेर आंबला.

जुन्या फेणीच्या बाबतीत पारख अधिक नाजूक होते. स्पेनमधील हेरेझची शेरी ओकच्या पिपांत मुरते. जुन्या पिपातून थोडी काढली की तिची जागा त्याहून तरुण शेरीने भरतात. तेथेही रंगावरून वय ठरत नाही. ‘फिनो’ शेरीवर किण्वाची साय धरते, हवा आत शिरत नाही आणि वर्षे लोटूनही ती फिकीच राहते. ‘ओलोरोसो’ हवेशी खेळत गडद होते. म्हणूनच वीस किंवा तीस वर्षांच्या वयाचा शिक्का देताना चाखणाऱ्यांच्या समितीबरोबर प्रयोगशाळेचीही साक्ष घेतात. फेणी तर परंपरेने काचेच्या बुधल्यांत ठेवलेली. काच रंग देत नाही. तेव्हा पिवळसर फेणी पाहून वय सांगणाऱ्याने आधी भांडे कोणते होते, हे विचारलेले बरे.

याहून गंभीर गोष्ट भेसळीची. मेथिल अल्कोहोल पोटात गेल्यास दृष्टी जाते, प्राणही जातात. पण फेस, नाक व जीभ यांपैकी एकालाही ते भरवशाने ओळखता येत नाही. 2009 मध्ये काजूफेणीला मिळालेले भौगोलिक मानांकन तिचे मूळ सांगते. हातातील बाटलीत काय आहे, हे मात्र रासायनिक तपासणीनेच कळते.