भूल द्यावी, पण पाय हलावेत

पाठ उघडी आहे. मणक्यांत स्क्रू बसले आहेत, वाकडा कणा सळ्यांच्या आधाराने सरळ झाला आहे. अशा वेळी भूलतज्ज्ञ औषध हळूहळू कमी करतात आणि पालथ्या झोपलेल्या रुग्णाला नावाने हाक मारून सांगतात, "पाय हलवा." पाय हलले की रुग्ण पुन्हा गाढ झोपेत. नंतर त्याला यातले सहसा काही आठवत नाही.

फ्रान्समधील पिएर स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ही चाचणी मांडली. कणा सरळ करताना मज्जारज्जू ताणला गेला, तर ते टेबलावरच कळावे आणि सळ्या लगेच सैल करता याव्यात, हा तिचा हेतू.

आता मोठ्या केंद्रांत हे काम बहुधा यंत्र करते. डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून विजेचे स्पंद देतात आणि पायाच्या स्नायूंचे उत्तर पडद्यावर उमटते. पण भुलीचा गॅस हे उत्तर मंदावतो, स्नायू सैल करणारे औषध तर ते पुसूनच टाकते. म्हणून प्रोपोफॉलसारखे औषध पंपाने, मोजून, शिरेतून देत राहतात. रुग्णाला काही कळू नये, तो हलू नये, आणि तरी त्याच्या मज्जातंतूंनी बोलत राहावे, अशी ही कसरत.

पनवेलकरांना हा विषय दूरचा नाही. २००२ साली पूर्ण खुला झालेला मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग पनवेल तालुक्यातल्याच कळंबोलीपासून सुरू होतो. त्यावरच्या अपघातात मणका मोडलेल्या माणसाचे पोट भरलेले असू शकते, मानही जखमी असू शकते. एक जण दोन्ही हातांनी डोके-मान स्थिर धरतो, दुसरा श्वासनळीत नळी घालतो.

मग येते पालथे करणे. चार-पाच जण मिळून रुग्णाला ओंडक्यासारखे एकसंध वळवतात, मान कुठेही मुरगळू न देता. डोळ्यांवर दाब येत नाही ना, हे पुनःपुन्हा पाहावे लागते; डोळ्यांचा रक्तपुरवठा घटला तर दृष्टी जाऊ शकते. पोट मात्र मोकळे लोंबते ठेवतात. ते दाबले गेले, तर पोटातल्या मोठ्या शिरेतले रक्त मणक्याभोवतीच्या शिरांत तुंबते आणि जखमेतून जास्त वाहते. नळी निसटली तर पालथ्या माणसात ती पुन्हा घालणे फार अवघड, म्हणून ती घट्ट चिकटवतात आणि रुग्णाला उताणे करता यावे यासाठी ट्रॉली जवळ ठेवतात.

रक्तस्राव आवरायला ट्रॅनेक्झामिक ॲसिड मदतीला येते. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ साली ते जगापुढे आणले. रक्तदाब फार उतरू न देणेही तितकेच गरजेचे, कारण मज्जारज्जूला रक्त पुरले पाहिजे.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात, तेव्हा घरच्यांनी काही गोष्टी आवर्जून सांगाव्यात: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तंबाखू-मिश्री किती, आधीच्या भुलीत त्रास झाला होता का, घोरताना श्वास अडकतो का. आणि एखादा दात हलत असेल तर तोही दाखवावा; नळी घालताना तो सुटून श्वासनळीत जाऊ शकतो.